जोडून सुट्टीत सातारा-कास: तीन दिवस, सात माणसं, एक गाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीहून सहा जण सात आसनी गाडीने निघणार. त्यात ७२ वर्षांच्या आजी आणि ६ व १० वर्षांची दोन मुलं. सातवा, म्हणजे मुंबईचा भाऊ, साताऱ्यात येऊन मिळणार. २ ऑक्टोबर शुक्रवारी येतोय, म्हणून शुक्रवार ते रविवार सुट्टी. मुक्काम महाबळेश्वरात, आणि यादी कासचं फुलांचं पठार, ठोसेघरचा धबधबा, सज्जनगड, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड. ऐन गर्दीत हे कसं बसवायचं?

बसत नाही. सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सोपं होईल. महाबळेश्वर, पाचगणी आणि प्रतापगड यादीतून काढा आणि मुक्काम सातारा शहरात करा. पावसाळा सरता सरता महाबळेश्वरचे पॉइंट निम्मा वेळ धुक्यात असतात. तिकडे दुप्पट भाड्याची खोली घेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून परत यायचं, आणि कासला मात्र भर दुपारी रांगेत उभं राहायचं, असा हा बेत आहे. कासची फुलं हा हंगाम सोडून बघता येत नाहीत. महाबळेश्वर जानेवारीतल्या मंगळवारीही जागेवरच असतं, वर तेव्हा स्ट्रॉबेरीही असते.

आता गर्दीबद्दल. बहुतेक जण दिवस निवडताना डोकं लावतात आणि तास निवडताना लावत नाहीत. खरं तर गर्दी पठारावर होत नाही, पठाराच्या दारात होते. साधा हिशेब करा. कासला दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा ठरवलेली आहे. एका गाडीत चार माणसं धरली तर ७५० गाड्या. त्यातल्या ५०० गाड्या ९ ते ११ या दोन तासांत आल्या असं समजू, म्हणजे तासाला २५०. दारात एकेका गाडीला तिकीट दाखवायला, पार्किंग विचारायला अर्धा मिनिट लागला तर तासाला १२० गाड्याच पुढे सरकतात. उरलेल्या १३० मागे तुंबतात. एका गाडीला मधल्या अंतरासकट सात मीटर धरले तर तासाभरात जवळपास एक किलोमीटरची रांग लागते, आणि दुसऱ्या तासात ती दुप्पट होते. रस्ता दुपदरी, एका बाजूला उतार. एखाद्याने रांग मोडून उजवीकडून गाडी घातली की समोरून उतरणारी एसटी अडकते आणि दोन्हीकडचं थांबतं. हेच सकाळी साडेसातला पोचलात तर पुढे दहा गाड्या असतात. दिवस तोच, तिकीट तेच.

दुसरा मुद्दा फक्त तुमच्या कामाचा आहे, पुणेकरांच्या नाही. सुट्टीचा मुख्य लोंढा पुण्या-मुंबईकडून खंबाटकी घाट चढून येतो. पहाटे पुणं सोडलेला माणूस चहा-नाश्ता करत साताऱ्यात नऊच्या पुढे आणि कासला दहा-साडेदहाला पोचतो. तुम्ही पेठ नाक्याला महामार्गावर चढणार आणि कराड, उंब्रज, शेंद्रे करत दक्षिणेकडून साताऱ्यात शिरणार. खंबाटकी आणि आनेवाडीचा टोलनाका तुमच्या वाटेत येतच नाहीत. परतीलाही रविवारी संध्याकाळी तुंबते ती पुण्याकडे जाणारी बाजू. सांगलीकराला मिळालेली ही सवलत महाबळेश्वरात मुक्काम करून घालवू नका, कारण तिथून निघताना तुम्ही त्यांच्याच गर्दीत सापडता.

म्हणून गुरुवारी, १ तारखेलाच निघा. सांगली ते सातारा साधारण १२५ किलोमीटर, अडीच-तीन तास. चार वाजता निघालात तर उजेड असतानाच कराड ओलांडाल. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे वळवलेले रस्ते अंधारात चकवतात, आणि कराडजवळ मलकापूरला संध्याकाळी अर्धा तास जाऊ शकतो, तो हिशेबात धरा. तासवडेच्या टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे घरीच भरा. रात्रीचं जेवण साताऱ्यात, झोप दहाच्या आत. हा बेत दिवाळीत किंवा नाताळात करणार असाल तर गुरुवारची ही संध्याकाळ दुपारीच उरका. तेव्हा गळीत हंगाम सुरू असतो आणि पेठ रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे धड दिवा नसलेले.

कास शुक्रवारीच, तिकिटाच्या पहिल्या म्हणजे सकाळी सातच्या टप्प्यात करा. तीन दिवसांच्या सुट्टीत सगळ्यात वाईट दिवस शनिवार. आदल्या दिवशी येऊन मुक्काम केलेले आणि त्या दिवशी जाऊन-येऊन करणारे, असे दोन्ही गट शनिवारी दहाच्या सुमारास एकत्र येतात. पितृपक्ष आहे म्हणून लोक बाहेर पडणार नाहीत, या भरवशावर राहू नका. पितृपक्षात लोक गाडी विकत घेत नाहीत, फिरायला जायचं थांबत नाहीत.

कासचं आगाऊ तिकीट ऑनलाइनच काढायचं, पठार सांभाळणाऱ्या कास समितीच्या अधिकृत संकेतस्थळावरून. तारखेबरोबर वेळेचा टप्पाही निवडावा लागतो. पहिला टप्पा सकाळी सातचा. सुट्टीच्या दिवसाचा हा टप्पा आधी भरतो, म्हणून बुकिंग सुरू झालं की लगेच करा. ‘जाऊ तेव्हा काढू’ हे बुधवारी चालून जाईल, २ ऑक्टोबरला नाही. तिकीट आलं की त्याचा स्क्रीनशॉट दोन मोबाईलमध्ये ठेवा. वर रेंज भरवशाची नाही. दारात उभं राहून मेलमधलं तिकीट उघडतंय का बघत बसलेला माणूस हेच त्या रांगेचं निम्मं कारण असतं. त्याच कारणाने दोन-तीन हजार रुपये सुट्या नोटांत जवळ असू द्या. पार्किंग, चहा, कणसं, स्वच्छतागृह, सगळीकडे क्यूआर असतो, पण रेंज नसली की तो नुसता कागद.

भावाचं. मुंबईहून रेल्वेने यायचं तर आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस सोडून. १ ऑक्टोबरच्या गाडीसाठी ही तारीख २ ऑगस्ट, सकाळी ८. (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, जुन्या सवयीने चुकू नका.) महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मुंबई सोडते आणि साताऱ्यात भल्या पहाटे येते. झोपमोड होते, पण गुरुवारची रजा वाचते आणि माणूस पहिल्या टप्प्याला हजर असतो. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला बाहेर आहे. पहाटे रिक्षा मिळेलच असं धरू नका, आदल्या संध्याकाळी लॉजवाल्याला सांगून ठेवा. आरक्षण हुकलं तर तत्काळ आदल्या दिवशी, म्हणजे ३० सप्टेंबरला: वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते काम आठवडाभर आधी करा, दहाला पाच मिनिटं कमी असताना नाही. प्रतीक्षायादीवरचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही, म्हणून वेटिंगवर भरवसा नको. बसने येणार असेल तर गुरुवारी दुपारी दोनच्या आत मुंबई सोडायला सांगा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी द्रुतगती मार्गाचा घाट, खेड शिवापूर आणि खंबाटकी ही तीन ठिकाणं मिळून नेहमीच्या वेळेची दीडपट सहज करतात.

खोल्यांचं बोलून घ्या, पण लिहूनही घ्या. फोनवरचं ‘होऊन जाईल साहेब’ सुट्टीच्या दिवशी उपयोगाचं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एका संदेशात एवढं पाठवा आणि ‘हो’ असं उत्तर मागा: तारखा, खोल्या किती, जादा गाद्या किती आणि त्यांचे पैसे, आजींसाठी तळमजला किंवा चालू लिफ्ट, गाडी आवारात लागेल का, गरम पाणी किती वाजता सुरू होतं, रद्द केलं तर किती परत. गरम पाण्याचं हसू येईल, पण पहाटे पाचला अंघोळ करून सव्वासहाला निघायचं आहे आणि बऱ्याच लॉजचं पाणी साडेसहाला सुरू होतं. आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्याहून जास्त देऊ नका. नुसता क्यूआर पाठवून ‘पूर्ण पैसे भरा, दोनच खोल्या उरल्यात’ म्हणणाऱ्या अनोळखी नंबरला तर एक रुपयाही नको. नकाशावर दिसणाऱ्या नंबरवर आपण फोन करायचा, आणि शंका आली तर व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगायची. खरा मालक दाखवतो.

कासच्या वाटेवर यवतेश्वर किंवा पेट्रीच्या बाजूला घरगुती मुक्काम मिळाला तर पहाटेचा घाट वाचतो. पण रात्री धुकं, आणि औषधाला दुकान नाही. ७२ वर्षांच्या आजी बरोबर असताना शहर बरं.

शुक्रवार सकाळ. सव्वासहाला निघा. साताऱ्यातल्या बोगद्याजवळ रस्ते फुटतात, एक यवतेश्वर घाटाने कासकडे, दुसरा सज्जनगड-ठोसेघरकडे. अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. रिकाम्या रस्त्याला पाऊण तास, धुक्यात तास. डिझेल-पेट्रोल रात्रीच शहरात भरून ठेवलेलं हवं. धुक्यात हेडलाइट खालच्या बीमवर ठेवा. वरचा बीम धुक्यावर आदळून तुमच्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नका, वळणार कुठे हे मागच्याला कळत नाही.

चढावर रांग लागलीच तर क्लच अर्धा दाबून गाडी तोलून धरू नका. सात माणसं, सामान आणि चढ, पंधरा मिनिटांत क्लच जळाल्याचा वास येतो आणि मग सुट्टी गॅरेजमध्ये जाते. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पुढची गाडी दोन गाड्यांएवढी सरकली की मग हला. पुढच्या गाडीत आणि तुमच्यात एका गाडीचं अंतर असू द्या, कारण चढावर नवखा चालक हमखास मागे येतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड. ब्रेकला वास आला तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

मुलांना शेवटच्या रांगेत बसवण्याची पद्धत आहे, कारण ती तिथे मावतात. घाटात उलटी होणाऱ्याची जागा तीच. मुलं मधल्या रांगेत, मोबाईल बंद, खिडकी बोटभर उघडी, पोटात दूध नको. एखादं बिस्किट किंवा कोरडं भडंग चालतं, आणि ते सांगलीकराच्या पिशवीत असतंच. उलटीची गोळी द्यायची तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, आणि घाट लागायच्या अर्धा-एक तास आधी. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी गोळीसकट बाहेर येते.

सुट्टीच्या दिवशी गाडी अलीकडे लावून पुढे समितीच्या बसने सोडतात. आजींची काठी, सगळ्यांचे रेनकोट, पाणी हे गाडी लावतानाच बाहेर काढा, परत गाडीकडे येणं म्हणजे तासाचा खेळ. छत्री नको, पठारावरचा वारा ती उलटी करतो. पाणी माणशी दीड लिटर, सातांचं दहा लिटर, पण पुन्हा वापरायच्या बाटल्यांत. बूट खाचदार तळव्याचे. पठार म्हणजे जांभा दगड आणि त्यावर बोटभर माती, ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं आणि गुळगुळीत चप्पल तिथे टिकत नाही. आजींना कडेच्या सपाट भागात अर्धा तास पुरे, मग बसायला जागा शोधा. हट्टाने सगळं फिरवू नका.

आता फुलांबद्दल, कारण नाराजी इथेच होते. सगळं पठार एका रंगाने भरलेलं असे फोटो बघून लोक येतात. तसा बहर थोडेच दिवस असतो, आणि पाऊस मधूनमधून उघडीप देतो तेव्हाच येतो. जांभळ्या-गुलाबी तेरड्याचा जोर बहुधा सप्टेंबरात. २ ऑक्टोबरपर्यंत तो ओसरू लागलेला असू शकतो आणि पिवळी सोनकी, कवळ्याची ‘मिकी माऊस’ फुलं जास्त दिसतील. पांढरे गेंद, म्हणजे टाचणीच्या डोक्यासारखे गोंडे, ओलसर जागी असतात. तेव्हा गालिचा शोधू नका, खाली बसा. जिथे दगडावरून पाण्याची पातळ पापुद्र्यासारखी ओल सरकते तिथे नखाएवढी निळसर-जांभळी फुलं दिसतील, ती सीतेची आसवं. मोबाईल जमिनीपासून वीतभर धरला की फुलाचा खालचा ओठ आणि त्यावरचा पांढरट ठिपका दिसतो. नाव हळवं, पण झाड किडेखाऊ. मुळांजागी सूक्ष्म पिशव्या असतात, पाण्यातला बारीक जीव टेकला की झडप उघडून आत ओढला जातो. दहा वर्षांच्या मुलाला हे एक दाखवलंत तरी पहाटे उठवल्याचा राग जातो. जवळच दवबिंदूचं झाड दिसलं तर तेही कीटकभक्षीच, त्याच्या पानावरचे चकाकणारे थेंब दव नसून चिकट द्रव आहे.

पायवाट सोडू नका. बसायच्या नादात फुलांवर बसणारे बरेच असतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचा जागतिक वारशात समावेश झाला. इथली फुलं टिकतात ती या बोटभर मातीवर आणि तिच्यातल्या बियांवर. ती तुडवून घट्ट झाली की पुढच्या वर्षी तिथे उगवत नाही.

कुमुदिनीचं तळं थोडं आत आहे, चालायची तयारी असेल त्यांनी जावं. फुलं सकाळच्या उन्हात उघडतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून पहिल्या टप्प्याचा आणखी एक फायदा. साडेदहाला परत फिरा. तुम्ही उतरत असाल तेव्हा समोर चढणारी रांग बघायला मिळेल. पेट्रीच्या आसपास पिठलं-भाकरी साडेअकराला खा, एकला तिथे ताट मिळायला पाऊण तास लागतो. दुपारी खोलीवर झोप. संध्याकाळी मुलांना घेऊन अजिंक्यतारा, आजींना घेऊन राजवाड्याच्या बाजूला कंदी पेढे. त्या दिवशी एवढंच.

शनिवारी बहुतेक गाड्या कास आणि महाबळेश्वरकडे असतात, म्हणून तुम्ही दुसरीकडे. सकाळी सातला सज्जनगड. पायऱ्या आहेत, आजींची गुडघेदुखी असेल तर त्यांना खालीच थांबवायचं की हळूहळू चढवायचं हे आदल्या रात्री ठरवा, पायरीवर उभं राहून नको. तिथून ठोसेघर, दहाच्या आत. धबधब्याला अजून पाणी असतं, आणि सकाळी धुकं आडवं आलं तर वीस मिनिटं थांबा, वाऱ्याने फाटतं. पाण्याजवळ उतरण्याचा मोह नको, कठड्याआडूनच बघा. ज्यांना पवनचक्क्या बघायच्या त्यांना चाळकेवाडी पुढे आहे. बाराच्या सुमारास पोरंसोरं बसने यायला लागतात, तेव्हा तुम्ही परतीला लागलेले असाल. दुपारनंतर उत्साह उरला तर लिंब गावची बारा मोटेची विहीर, महामार्गापासून आत. अठराव्या शतकातली, अष्टकोनी, आत उतरायला पायऱ्या आणि खाली दालन. कासला हजारोंनी लोक असतात त्या दिवशीही इथे निवांत उभं राहता येतं.

एवढं सांगूनही घरातलं कोणी महाबळेश्वरशिवाय ऐकणार नसेल, तर शनिवारी ठोसेघर सोडून हे करा, पण मुक्काम साताऱ्यातच. पहाटे साडेपाचला मेढा-केळघर घाटाने निघा, ५५-५६ किलोमीटर, साडेसातपर्यंत वर. वाईहून पसरणी घाटाने गेलात तर पाचगणीचा बाजार आणि गुरेघरचा पट्टा लागतो. सुट्टीत दहानंतर तिथे चालत जाणारा गाडीच्या पुढे जातो. वर पोचलात की आधी क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगेचं देऊळ, मग ऑर्थर सीट, आणि अकराला उतरायला सुरुवात, आल्या वाटेनेच. वेण्णा तलाव, मुख्य बाजार, सूर्यास्त या तिन्हींचं नाव काढायचं नाही. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर केळघर घाटात दरड पडली का हे मेढ्यात चहा घेताना विचारा, नकाशाच्या ॲपला ते उशिरा कळतं.

गाडीने जायचं नसेल तर एसटीचाही विचार करा. साताऱ्याहून बामणोलीची एसटी कासवरून जाते. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. आजींचं आधारकार्ड बरोबर हवं. सात जणांत फरक बराच पडतो, पण परतीच्या जागेची खात्री सुट्टीच्या दिवशी कोणी देत नाही.

रविवारी घाई नको आणि उशीरही नको. नऊला नाश्ता करून दहाला साताऱ्याबाहेर. भावाला मुंबईकडे जायचं आहे, त्याने मात्र तुमच्याबरोबर दहाची वाट बघू नये. आठच्या आतली बस धरली तर तो दुपारी घरी पोचतो. चारला निघाला तर खंबाटकीच्या बोगद्यापासूनच रांगेत. तुम्ही कराडला उतरून प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेचं पाणी बघा, तिथली झाडं दाट आहेत, आजींना बसायला बरं. जेवण कराडात बाराला. पेठ नाक्याहून दीड-दोनपर्यंत आत वळलात की चारच्या चहाला सांगली. ओले बूट आणि रेनकोट डिकीतून त्याच दिवशी बाहेर काढा, सोमवारी गाडी उघडवत नाही.